कुंचीतला वरवंटा

बाळाचं तोंड बघावं म्हणून मी कुंची जराशी बाजूला सारली, आणि माझा हात तिथंच थांबला. आत बाळ नव्हतं. काळाभोर, वापरून वापरून गुळगुळीत झालेला वरवंटा होता. त्याला तेल चोळलेलं होतं आणि एका टोकाला काजळाची तीट लावलेली होती.

"भिऊ नका," ती बाई म्हणाली. मलाच म्हणाली. "येडी न्हवं मी. ह्यो दगुड हाय, मला कळतंय. आमच्याच घरातला हाय, चटनी वाटायचा. पर खाली ठेवाया गेले की हात उघडत न्हाईत."

तिच्यामागं दारात तिचा नवरा उभा होता. खरं बाळ त्याच्या खांद्यावर होतं. मान अजून धरत नव्हतं. नवऱ्यानं आपला रापलेला पंजा त्याच्या डोक्यामागं असा धरला होता, जसा कुणी वाऱ्यात दिवा धरतं.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरच्या दक्षिणेला एका तालुक्याच्या दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून लागले, त्याला सहा महिने झाले होते. क्ष-किरणांच्या खोलीला लागून मला एक खोली दिली होती. पूर्वी तिथं सलाइनच्या बाटल्या ठेवायचे. माझ्याकडं दोन तऱ्हेची माणसं यायची. ज्यांच्या घरातलं कुणी गेलंय ती, आणि ज्यांच्या घरात नुकतं कुणी आलंय ती. पहिल्यांना रडू फुटत नसे, दुसऱ्यांना झोप मिळत नसे. दोन्ही एकाच घरातून, एकाच दिवशी येतील, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाईचं नाव वैजयंता. घरी वैजू. वय चोवीस. नवऱ्याचं नाव कृष्णात. तो गुळव्या होता. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळून त्याचा गूळ कधी झाला, हे नजरेनं ओळखणारा माणूस. पंचक्रोशीत त्याला मागणी होती. बोलायला मात्र त्याच्या तोंडात दहा शब्द असतील-नसतील.

मी फॉर्म पुढं ओढला. "मुलं किती?"

"एक," कृष्णात म्हणाला.

वैजूनं कुंची पोटाशी ओढली. मी एक लिहिलं.

मग हळूहळू, एकेक शब्द ओढून काढत, मला कळलं. जुळी होती. दोन्ही मुलगे, आठव्या महिन्यातच झाले. पोट फाडून काढले. जन्मताच दोघांना जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवायला नेलं, आणि वैजू टाके घेऊन इथंच पडून राहिली. तिसऱ्या दिवशी एक गेला. दुसरा महिनाभर पेटीत राहून घरी आला. तो हा, रणजित. तीन महिन्यांचा झाल्यावर, बरं बाळसं धरलंय असं बघून, कृष्णातच्या थोरल्या बहिणीनं, हौसाक्कानं, त्याचं बारसं घातलं.

आमच्याकडं बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला सजवतात. त्याला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, कुंची चढवायची. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात आणि त्याला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात. मग त्याला बाळाशेजारी निजवतात. बाळाला दगडाचं आयुष्य लागावं म्हणून.

"पोटात दोन हायती म्हनल्यावर हिनं समदं दोन-दोन शिवलं हुतं," कृष्णात खाली बघत म्हणाला. "दोन झबली, दोन कुंच्या. एक कुंची कोरीच पडली हुती. आक्कानं तीच घातली वरवंट्याला. तिच्या काय मनात न्हवतं."

"मग?"

"मग बायांनी दिला-घेतला, दिला-घेतला. हिच्या हातात आला. बाया म्हनल्या, दे पुढं. हिनं दिलाच न्हाई."

त्या गोष्टीला तेव्हा अकरा दिवस झाले होते. वैजू दगड डाव्या हातावर घेऊनच जेवायची, दगड कुशीत घेऊनच निजायची. खरं बाळ कुणी उचलून छातीशी लावलं तर पाजायची, पण स्वतः त्याला हात लावायची नाही. एक हात रिकामा असायचा, पण एका हातानं तान्हं उचलता येत नाही. वजनाच्या काट्यावर रणजित त्या अकरा दिवसांत पावशेर उतरला होता.

आमचे मनोविकाराचे डॉक्टर दर गुरुवारी जिल्ह्याहून यायचे. त्यांनी तिला तपासलं, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "भ्रम नाही. दुःख आहे. बोलत राहा, आणि घाई करू नका."

मी घाई केली.

का केली, तेही सांगते. पुढच्या बुधवारी ती दोघं आली तेव्हा हौसाक्काही आली. पन्नाशीची, ठसठशीत कुंकवाची, नऊवारीचा ओचा खोवलेली बाई. खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "तुमी काय करताय हितं? नुसतंच बोलताय व्हय?"

"हो. बोलतो."

"बोलून दूध येतंय?"

मी समोरचा फॉर्म सरळ केला.

"लेकरं किती तुमास्नी?"

"लग्न नाही झालं माझं अजून."

"आसं," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात माझी सगळी पुस्तकं तिनं गुंडाळून ठेवली. मग आवाज खाली आणला. "आवं बाई, दात न आलेलं लेकरू ते. त्येला दिवस न्हाईत, सुतक न्हाई. आंघुळ केली की फिटलं. माझी दोन गेली आशीच. मी कुठं बसले हुते दगुड घिऊन? ह्यो जित्ता हाय त्येचं बगा की. येत्या सोमवारी मी ह्येला माझ्या गावाला नेनार. माझ्या दारात दुधाची म्हस हाय. आईच्या हाताला येळ न्हाई, तर आत्याच्या हाताला हाय."

वैजू ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. फक्त कुंचीवरचा तिचा पंजा घट्ट झाला. नखं पांढरी पडली.

सोमवार म्हणजे पाच दिवस. एकदा लेकरू त्या घरातून गेलं की ते आईकडं परत येईल का, आणि आई त्याच्याकडं परत येईल का, याची मला खात्री वाटेना. शिकताना एक धडा होता: गेलेल्या माणसाच्या वस्तूला चिकटून राहिलेल्याला त्या वस्तूपासून हळूहळू सोडवावं. त्यातलं 'हळूहळू' मी गाळलं. जाताना कृष्णातला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, त्या आंघोळीला जातील तेव्हा वरवंटा उचला आणि त्याच्या जागेवर ठेवून द्या. बोलू नका काही. चार तास रडतील, मग हात मोकळे होतील."

"जाग्यावर?" त्यानं विचारलं.

"हो. जिथली वस्तू तिथं."

त्यानं मान डोलावली. सांगितलेलं करणारा माणूस होता.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो धापा टाकत माझ्या दारात आला. एकटाच. अंगावर गुऱ्हाळाचा शर्ट, बाह्यांवर उसाच्या रसाची वाळलेली मळी.

"काल ठेवला म्याडम. पाट्यावर. तुमी म्हनलासा तसं." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "हिची आंघुळ हुईतो आक्कानं चटनी वाटली. तिला काय म्हाईत? पाट्यावर वरवंटा दिसला, मिरच्या घेतल्या, वाटली. ही न्हाऊन आली तर दगुड लालभडक. कालपास्नं धुती हाय. हातांची आग आग झालीया, तरी धुती हाय. पोराला पाजंना. तोंडानं बोलंना."

मी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले. दोन्ही अंगांना ऊस तोडून मोकळी झालेली रानं होती आणि लांबवर कुठं कुठं गुऱ्हाळाचा धूर. गोड वास सगळ्या वाटेवर भरून होता.

घर साधं, कौलारू, समोर शेणानं सारवलेलं अंगण. चुलीपुढं हौसाक्का बसली होती. मांडीवर रणजित, हातात वाटी-चमचा. त्याला पाणी घातलेलं म्हशीचं दूध पाजत ती ओवी गुणगुणत होती. त्याला म्हणत होती की वैजूला टोमणा मारत होती की स्वतःलाच काही सांगत होती, कळेना.

माझ्या दोन गं घागरी
एक भरली, एक रिती
रित्या घागरीच्या पायी
भरली सांडू मी किती

मला बघून ती थांबली. हनुवटीनं तिनं मागच्या दाराकडं दाखवलं.

मागं न्हाणीजवळ वैजू बसली होती. ओला वरवंटा पदरात. धुतलेली कुंची दोरीवर वाळत होती. तिचे हात मनगटापर्यंत सुजून लाल झाले होते. मी शेजारी जमिनीवर बसले. तीच बोलली, वरवंट्याकडं बघत.

"त्येच्या डोळ्यांत तिखट गेलं आसंल का, म्याडम?" मग लगेच, "न्हाई, मला कळतंय. दगुड हाय. पर इचारते."

मला खूप काही बोलता आलं असतं. शिकलेलं सगळं घशाशी आलं. पण त्या हातांकडं बघून ते गिळलं.

"वैजूताई," मी म्हणाले, "तो पाट्यावर ठेवायला मी सांगितलं होतं. दादांची चूक नाही, आक्कांची तर नाहीच. माझी चूक झाली."

तिनं मान वर केली. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. हौसाक्का बाळाला घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिच्यामागं कृष्णात.

"तुमी सांगिटलं?" हौसाक्का म्हणाली. "आनि मला ह्यो बाबा काय बोलला न्हाई. मी रांड आपली वाटत बसले." तिनं पदरानं नाक पुसलं. "हात जळलं माझं."

कोंबडं येऊन न्हाणीच्या पाण्यात चोच मारून गेलं.

"तुम्हाला काही विचारायचंय?" मी वैजूला म्हणाले. माझ्याजवळ फॉर्म नव्हता, पेन नव्हतं. पुढं काय विचारावं तेही माहीत नव्हतं.

"हाय इचारायचं. पर तुमाला न्हाई ठावं ते."

"मग कुणाला ठाऊक आहे?"

तिची नजर हौसाक्काच्या खांद्यावरून मागं, कृष्णातकडं गेली.

"विचारा की," मी म्हणाले.

तिनं वरवंटा दोन्ही हातांत उचलून जरा वरखाली केला, बाजारात भोपळा उचलून बघतात तसा. "आठ म्हैनं प्वाटात वागिवला," ती म्हणाली. "नर्सबाईनं लांबनं दावला आनि नेला. हातात मी घेतलाच न्हाई कंदी. ह्यांनी घेतला. कुठं नेला, कसा नेला, किती जड हुता, येवढं बी मला कुनी सांगिटलं न्हाई. ह्या दगडायेवढा हुता का त्यो? का ह्याच्याहून हलका? मला बी कळू द्या की. आई हाय मी त्येची."

कृष्णात दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मला वाटलं तो निघून जाईल. तो पुढं आला. वैजूपुढं उकिडवा बसला आणि दोन्ही हात त्यानं समोर पसरले, रिकामे, तळवे वर.

"ह्या दगडायेवढा न्हवता," तो म्हणाला. "निम्मा बी न्हवता. कागुदावर सव्वा किलो लिवलं हुतं. पर मी गुळाची ढेप हातात घेतली की काटा लागत न्हाई मला. किलो आनि वर दोन मुठी. बास."

वैजू त्याच्या रिकाम्या हातांकडं बघत होती.

"दवाखान्याची गाडी देतो म्हनलं हुतं. दोन तास लागतील म्हनलं. मला तिथं थांबवंना. माझ्या टावेलात गुंडाळला आनि एस्टीत बसलो. शेजारी एक म्हातारी हुती, बाजाराला निघालेली. म्हनली, किती दिसांचं? मी म्हनलं, तीन. म्हनली, आई कुठं हाय? मी म्हनलं, गावात हाय, तिच्याकडंच चाललोय." त्यानं पसरलेले हात छातीशी आणले. "म्हनली, गुनाचं हाय, रडत न्हाई बग कसं. आनि तिनं हात घालून खिडकी लावली. गार वारं लागतंय म्हनली लेकराला."

"तुमी काय म्हनलासा?"

"काय म्हनू? मी टावेल आवळला. दोन तास तसाच बसलो. थंड हुता गं. मला वाटलं, माझ्या छातीची ऊब लागून जरा ऊन झाला तर झाला. तुझ्याकडं आणायचा हुता मला. खरंच आणायचा हुता. दवाखान्याच्या दारापातूर आलो. पर तुझं टाकं ओलं हुतं, आनि आक्कानं निरोप धाडला हुता, की तिला दावू नगो, धीर सुटंल तिचा. मी भायल्या भायर वड्याकडंच्या बांधावर गेलो. एकट्यानंच खड्डा काढला. लई खोल काढला. ह्याला काय कोल्ह्या-कुत्र्यानं..."

आतापर्यंत या माणसाच्या तोंडातून मी एवढे शब्द सलग ऐकले नव्हते. ते सगळे एकदम बाहेर पडले आणि मागून जे आलं त्याला शब्दच नव्हते. मोठा, काळा, रुंद खांद्यांचा गडी, उकिडवाच पुढं कलंडला, डोकं जमिनीला लागेपर्यंत. मी पुष्कळ रडणं ऐकलंय तेव्हापासून. तसं नाही ऐकलं.

वैजू हडबडली. "अवं," ती म्हणाली. "अवं, उठा. आसं काय." त्याला धरायला ती पुढं सरकली, पण तिच्या दोन्ही हातांत वरवंटा होता. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा हातांतल्या ओझ्याकडं. मग वरवंटा तिनं शेजारच्या दगडी पायरीवर ठेवला. पडू नये म्हणून खाली एक चिपाड सारलं, आणि दोन्ही सुजलेल्या हातांनी नवऱ्याचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

कुणी तिला ठेव म्हटलं नव्हतं. तिच्याही ते ध्यानात आलं नसावं.

"मला का न्हाई सांगिटलं," ती म्हणत होती, त्याच्या केसांत बोटं घालत. "तुमी एकट्यानंच कशापायी केलं समदं. मी काय मेले हुते व्हय."

दारात रणजित किरकिरायला लागला. मग टाहो फोडून रडू लागला. हौसाक्का त्याला हलवत होती, पण तिच्याच डोळ्यांतून पाणी घळघळ वाहत होतं आणि तिला समोरचं दिसत नव्हतं. वैजूनं मान वळवली.

"आणा त्येला हिकडं, आक्का."

"तुझं हात पोळल्यात गं. आग हुईल तुला."

"हुदे. आणा."

हौसाक्कानं बाळ तिच्या हातांत दिलं. वैजूनं त्याला घेतलं. घेताना एकदा ती जरा थबकली, जणू एवढं जड असेल असं वाटलं नव्हतं. बाळानं तोंडानं शोधलं आणि धरलं. आधी चुळबुळ, मग गप्प. मग ते लहान, घाईघाईचं गिळणं ऐकू यायला लागलं. आम्ही चौघं ते ऐकत बसलो.

"सोमवारचं राहू दे," थोड्या वेळानं हौसाक्का म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "म्हस काय, शेजारीन बगंल." ती आठवडाभर तिथंच राहिली. पाट्याला हात न लावता, मिरच्या खलबत्त्यात कुटायची, असं कृष्णातनं मला नंतर सांगितलं.

मी उठायच्या बेतात होते. आता त्या अंगणात माझं काही काम नव्हतं. तेवढ्यात वैजूनं विचारलं, बाळाकडंच बघत, आवाज न चढवता.

"मातीत घालताना काय म्हनलासा त्येला?"

कृष्णातनं तोंड पुसलं. "हाक मारली."

"कशी मारलीसा? नाव कुठं हुतं त्येला?"

"घातलं मी. तिथंच." तो ओशाळला. "कुनाला न्हाई सांगिटलं. त्येच्या वयाच्याला नाव घालत न्हाईत म्हनत्यात. पर बिननावाचा कसा सोडू?"

"मला सांगा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं. हौसाक्कानं पदर तोंडाला लावला आणि पाठ फिरवली. मीही न्हाणीकडं वळले. तो वैजूजवळ सरकला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि एक शब्द बोलला. मला तो ऐकू आला नाही. अठरा वर्षं झाली, मी कधी विचारलाही नाही.

वैजूनं ते आपल्याशीच म्हणून बघितलं. ओठ हलले, आवाज नाही.

"चांगलं हाय," ती म्हणाली.